मुर्योनोंचं तिसरं बोट

देवानं माणसाला दहा बोटं दिली, आणि निवडणुकीच्या दिवसांत त्यांतली किती दिसू द्यावीत हे ठरवण्यासाठी सरकार दिलं. सुम्बेरवातू जिल्ह्यातले सरकारी नोकर या दोन्ही देणग्यांबद्दल सारखेच कृतज्ञ होते.

त्या वर्षी जिल्हाप्रमुखपदासाठी तीन उमेदवार उभे होते. एक नंबर, मावळत्या जिल्हाप्रमुखांची पत्नी. दोन नंबर, मावळत्या जिल्हाप्रमुखांचे उपप्रमुख. (प्रमुख आणि उपप्रमुख या दोघांत कमालीचं वैर होतं. पाच वर्षं एकाच फितीवर एकाच कात्रीनं काम केलं की असं वैर येतं.) तीन नंबर, बू सुलास्मी नावाची निवृत्त सुईण. (तिकडे बाईला मानानं ‘बू’ म्हणतात, पुरुषाला ‘पाक’.) नामनिर्देशनाची मुदत संपायला तासभर उरलेला असताना ती मोटारसायकलवरून येऊन अर्ज देऊन गेली होती.

उमेदवार एक, दोन आणि तीन असल्यामुळे बोटांचा प्रश्न गंभीर झाला. जिल्हा कार्यालयानं चौदा पानांचं परिपत्रक काढलं. सरकारी नोकरानं छायाचित्रात तर्जनी दाखवू नये, तो एक नंबर होतो. अंगठा दाखवू नये, अंगठाही एकच असतो. दोन बोटं दाखवू नयेत, मग ती शेजारशेजारची असोत वा लांबची. अंगठा आणि तर्जनी जुळवून ‘छान’ म्हणू नये, कारण मागे तीन बोटं उभी राहतात. मूठ चालेल, पण सैल असावी. आवळलेली मूठ असंतुष्ट दिसते. सर्वांत उत्तम म्हणजे उजवा हात छातीवर ठेवावा. मात्र हृदयावर नव्हे, थोडा अलीकडे. क्लेपूच्या भात गिरणीत पूर्वी दोन बोटं गमावलेला एक शिपाई कचेरीत होता. तो येताजाता तीन नंबरचा प्रचार करतो, असं लक्षात आल्यावर त्याला कचेरीच्या खर्चानं हातमोजा देण्यात आला.

हे परिपत्रक पूर्वेकडच्या तालुका कचेरीत ज्यांनी टंकलिखित करून फलकावर लावलं, ते पाक मुर्योनो. दाखले आणि नोंदी विभाग, वय चोपन्न, सेवा एकोणतीस वर्षं.

मुर्योनोंना हे परिपत्रक खरं म्हणजे लागत नव्हतं. तटस्थता त्यांच्या अंगातच होती. भात की शेवया, असं विचारलं तर ते म्हणत, “जे उरलं असेल ते.” त्यांची बायको लास्त्री सांगायची, “सत्तावीस वर्षं झाली लग्नाला, यांना माझा स्वयंपाक आवडतो की नाही मला ठाऊक नाही. संपवतात, एवढं दिसतं.” साहेब बदलले, साहेबांचे साहेब बदलले, भिंतीवरच्या तसबिरी बदलल्या. मुर्योनो ज्या टेबलाशी बसत ते टेबल आणि मुर्योनो, दोघंही तिथेच राहिले.

मतं नव्हती असं नाही. पण मत हे बनियनसारखं आहे, अशी त्यांची धारणा होती. स्वच्छ असावं, रोज असावं, आणि बाहेरून दिसू नये.

गोष्ट बिघडली ती जाहीर वादविवादाच्या दिवशी. दुपारी कचेरीतली सगळी मंडळी बू पायनेमच्या टपरीवर टीव्हीसमोर जमली होती. (पाहणं म्हणजे पाठिंबा नव्हे, असा खुलासा आदल्या दिवशीच मागवून घेण्यात आला होता.) एक नंबरनं आपली दृष्टी सांगितली. दोन नंबरनं दृष्टी आणि ध्येय दोन्ही सांगितलं. मग बू सुलास्मीला तीन मिनिटं मिळाली. तिनं त्यांतलं एकच वापरलं.

“मला दृष्टी वगैरे नीट बोलता येत नाही,” ती म्हणाली. “लंदेप नदीवर क्लेपूला जायला पूल आहे, असं जिल्ह्याच्या दप्तरात आहे. त्याची चार वेळा उद्घाटनं झाली. चारही वेळा मी गेले, चारही वेळा केळीच्या पानात बांधलेला भात मिळाला. पुलाचा अजून एक खांबही नाही. मी तीस वर्षं तराफ्यावरून पलीकडे बाळंतपणं करायला गेले. नऊ पोरं तराफ्यावरच झाली. त्यांच्या दाखल्यावर जन्मस्थळ काय लिहायचं म्हणून कचेरीत विचारलं, तर तिथले साहेब फार भले, ते म्हणाले, ‘पूल’ लिहा. कागदावर तो आहे. बस, एवढंच.”

मुर्योनोंच्या हातात आंबवलेल्या सोयाबीनच्या तळलेल्या टेंपेचा तुकडा होता. तो तसाच राहिला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

ते भले साहेब म्हणजे तेच होते. नऊ दाखल्यांवर ‘पूल’ त्यांनीच लिहिलं होतं, आणि पूल पूर्ण झाल्याच्या चार दाखल्यांवर शिक्काही त्यांनीच मारला होता.

“मिरची लागली का, पाक?” पायनेमनं विचारलं.

“हो,” मुर्योनो म्हणाले. मिरची त्यांनी घेतलीच नव्हती.

भावना अनावर होण्याबाबत परिपत्रकात काहीच तरतूद नव्हती. बोटांची चौदा पानं होती, डोळ्यांची एक ओळही नाही. या त्रुटीचा परिणाम असा झाला की मुर्योनो चार दिवस नीट जेवले नाहीत. ते बाथरूमच्या आरशासमोर उभे राहून उजवा हात वर करत, अंगठ्यानं करंगळी दाबून धरत आणि उरलेल्या तीन बोटांकडे पाहत. पहिल्या दिवशी तिसरं बोट थरथरत होतं. चौथ्या दिवशी ते उभं राहिलं.

“आत काय चाललंय?” लास्त्रीनं बाहेरून विचारलं.

“मी ठरवलंय,” मुर्योनो आतून म्हणाले. “मी दाखवणार.”

“काय दाखवणार?”

त्यांनी दार उघडून दाखवलं. लास्त्रीनं आधी बोटांकडे पाहिलं, मग उघड्या खिडकीकडे, आणि जाऊन खिडकी लावून घेतली.

“नास्तितीची फाईल साहेबांकडे आहे,” ती म्हणाली. “माहीत आहे ना?”

माहीत होतं. नास्तिती त्यांची एकुलती एक मुलगी. आठ वर्षं सरकारी शाळेत कंत्राटी शिक्षिका होती आणि कायम होण्याची वाट पाहत होती. तिच्या फाईलवर जिल्हा कार्यालयाची सही व्हायची होती. आणि ती फाईल ज्यांच्या शिफारशीनं हलणार, ते कचेरीचे प्रमुख पाक कुन्तोरो मनातून कोणाचे आहेत हे कोणालाही ठाऊक नव्हतं. (म्हणजे दोन नंबरचे आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं.)

“फाईल आपल्या जागी, बोट आपल्या जागी,” मुर्योनो म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी सुविचारासारखं काही म्हटलं होतं. लास्त्रीला त्याची भीतीच वाटली.

मतदानाला नऊ दिवस उरले असताना जिल्हा कार्यालयाच्या मैदानावर तटस्थतेच्या सामूहिक शपथेचा सोहळा झाला. सगळे निळ्या बाटिकच्या शर्टात आणि काळ्या टोपीत. आम्ही कुणाच्याही बाजूचे नाही, हे सर्वांनी एकाच सुरात तीनदा म्हटलं. मग शांततेची कबुतरं सोडण्यात आली. ती उडून थेट क्लेपूच्या दिशेनं गेली. त्यांना पुलाची गरज नव्हती.

त्यानंतर सामूहिक छायाचित्र. पूर्व तालुका कचेरीची माणसं पायऱ्यांवर चार रांगांत उभी राहिली. मागे फलक होता, ‘शंभर टक्के तटस्थ’. मुर्योनो तिसऱ्या रांगेत. त्यांना तराफ्यावर जन्मलेली नऊ पोरं आठवली, नास्तिती आठवली, मग पेन्शन आठवलं, मग पुन्हा पोरं आठवली. छायाचित्रकार म्हणाला, “हात छातीवर.” एक्काहत्तर हात छातीवर गेले. बहात्तरावा खांद्यापर्यंत वर आला आणि त्याची तीन बोटं उभी राहिली.

कोणाच्याच लक्षात आलं नाही. सगळे समोर बघत होते. तटस्थतेचा हा एक फायदा असतो. मुर्योनो मान ताठ ठेवून पायऱ्या उतरले. बसमध्ये त्यांनी पहिल्यांदाच खिडकीजवळची जागा मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाक कुन्तोरोंनी त्यांना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. टेबलावर छायाचित्र होतं. मुर्योनोंनी खुर्ची धरली.

“हे तुम्हीच ना?”

“हो, साहेब.”

कुन्तोरो उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि मुर्योनोंचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्यांचे डोळे ओले होते.

“इतकी वर्षं मी तुम्हाला ओळखलं नाही हो,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “मला वाटायचं, हा माणूस म्हणजे नुसतं फडताळ. आणि तुम्ही एवढ्या लोकांदेखत आपल्या माणसासाठी हात वर केलात. माझी हिंमत झाली नसती.”

मुर्योनोंनी छायाचित्राकडे पाहिलं. पुढच्या रांगेत लेखा विभागाचे उंच गृहस्थ उभे होते. त्यांची काळी टोपी मुर्योनोंच्या अनामिकेच्या बरोबर समोर आली होती. छायाचित्रात मुर्योनोंच्या हाताला दोनच बोटं होती. तर्जनी आणि मध्यमा. ताठ, स्पष्ट, दोन नंबर.

“साहेब, ती तीन...”

“तीन कशाला, दोन दिवसांत होईल,” कुन्तोरो म्हणाले. “मुलीची फाईल मी आज सकाळीच वर धाडली. चिंता करू नका.”

“तसं नव्हे. मी तीन बोटं...”

“बोटांचं माझ्यावर सोपवा. वरच्यांना छायाचित्र गेलंय, पण ते आपलेच आहेत. तिथे मी कळवलंय की तुम्हाला संधिवात आहे. बोटं आपोआप उभी राहतात.” कुन्तोरोंनी डोळा मिचकावला. “कोणती दोन, ते मात्र संधिवाताला बरोबर कळतं.”

आता बोलायला हवं, हे मुर्योनोंना कळत होतं. एकच वाक्य होतं, तेही तयार होतं. ते घशापर्यंत आलं, तिथे त्याला नास्तितीची फाईल भेटली, आणि दोघं तिथेच बसून राहिले.

“आभारी आहे, साहेब,” मुर्योनो म्हणाले.

दुपारपर्यंत छायाचित्र जिल्हाभर झालं. दोन नंबरच्या कार्यकर्त्यांनी त्यांना वाटेत थांबवून गोड्या तेलाच्या बाटल्या दिल्या. पायनेमनं चहाचा पेला जरा आपटूनच ठेवला. आणि संध्याकाळी नास्तिती घरी आली.

ती थेट स्वयंपाकघरात गेली आणि पाणी न पिताच उभी राहिली. तीन आठवडे ती शाळा सुटल्यावर बू सुलास्मीची पत्रकं वाटत फिरत होती. कोणी ओळखू नये म्हणून हेल्मेट घालून, पण फिरत होती.

“बाबा, तुम्ही दोन नंबरचे?”

“नाही गं. हे बघ.” मुर्योनोंनी उजवा हात वर केला. तीन बोटं. आता ती अजिबात थरथरत नव्हती. “तिसरं टोपीमागे गेलं.”

नास्तितीनं बोटांकडे पाहिलं. “साहेबांना सांगितलंत?”

मुर्योनोंनी बोटं मिटली. लास्त्री तवा घासत होती, ती आणखी जोरात घासू लागली.

“म्हणजे इथे दाखवताय,” नास्तिती म्हणाली. “स्वयंपाकघरात सगळेच शूर असतात, बाबा. आईसुद्धा.”

“मला मध्ये घेऊ नका,” लास्त्री म्हणाली.

त्या दिवसापासून नास्तिती वडिलांशी बोलेनाशी झाली. मुर्योनोंना याचं विशेष वाईट वाटण्याचं कारण असं, की तिनं स्वतःची फाईल वर गेल्याचं ऐकूनही बोलणं सुरू केलं नाही.

मतदान झालं. मुर्योनो कापडी आडोशाआड गेले, मतपत्रिका टोचायचा खिळा हातात घेतला आणि तीन नंबरच्या चेहऱ्यावर असा रोवला की खाली पुठ्ठ्यालाही भोक पडलं. मग बाहेर येऊन करंगळी शाईत बुडवली आणि ती चटकन खिशात घातली. शाईचं बोटसुद्धा एकच असतं, आणि कोणी काही म्हणायला नको.

बू सुलास्मी सहाशे अकरा मतांनी निवडून आली.

पुढच्या सोमवारी जिल्ह्याच्या सरकारी नोकरवर्गात जी भावनिक लाट आली, तिची नोंद आवक विभागात आहे. एकूण कर्मचारी चौदाशे सोळा. आपण पहिल्यापासून, मनातून, तीन नंबरचेच होतो, अशी पत्रं चौदाशे बारा. त्यांतल्या नऊशेंहून अधिक पत्रांत वादविवाद पाहताना डोळ्यांत पाणी आल्याचा उल्लेख होता. उरलेल्या चौघांपैकी दोघी बाळंतपणाच्या रजेवर होत्या, एक मक्केला गेला होता आणि एक मुर्योनो.

पत्र त्यांनीही लिहिलं होतं. दोन पानांचं, टोपीच्या आकृतीसह. ते घेऊन ते जिल्हा कार्यालयाच्या खिडकीपुढच्या रांगेत उभे राहिले. पुढे साठेक माणसं होती. जो तो आपण कुठे, केव्हा आणि किती रडलो हे शेजाऱ्याला सांगत होता. मुर्योनोंच्या पुढे तिसऱ्या जागी पाक कुन्तोरो होते.

“मला तर हुंदकाच आला हो,” कुन्तोरो कोणाला तरी सांगत होते. “बायकोनं पाणी दिलं, तेव्हा कुठे थांबला.”

मुर्योनोंनी पत्राची चौघडी केली, ती खिशात ठेवली आणि रांगेतून बाहेर पडले.

निवडणुकीत तटस्थता मोडणाऱ्यांची चौकशी करायला समिती नेमण्यात आली. अध्यक्ष, अनुभवामुळे, पाक कुन्तोरो. जिल्ह्यातल्या चौदाशे सोळा जणांपैकी उघड प्रचाराचा छायाचित्र-पुरावा एकाच कर्मचाऱ्याविरुद्ध उपलब्ध होता. समितीनं दोन बैठकांत त्याची बदली क्लेपूच्या उपकेंद्रात केली.

“मनावर घेऊ नका,” कुन्तोरो आदेशावर सही करता करता म्हणाले. “तुम्ही समजून घ्याल. तुम्ही धाडसी आहात.”

त्याच आठवड्यात नास्तितीची फाईल परत आली. वर ‘पुनर्विचारार्थ’ असा शेरा होता.

मुर्योनो रोज सकाळी सात वाजता तराफ्यावर बसून लंदेप पार करू लागले. नदीवर आडवा दोर बांधलेला होता. तराफेवाला तो ओढत जाई. महिनाभरानं एके सकाळी काठावर दोन सरकारी गाड्या उभ्या दिसल्या. तराफा सहाच माणसांचा, त्यामुळे अधिकारी काठावर छत्र्या धरून उभे राहिले आणि नव्या जिल्हाप्रमुख एकट्याच पुढे आल्या. त्यांनी चपला हातात घेतल्या, तराफ्यावर पाय ठेवला आणि सवयीनं स्वतःच दोर ओढायला लागल्या.

मध्यावर आल्यावर त्यांनी मुर्योनोंकडे पाहिलं. “तुम्ही त्या छायाचित्रातले ना?”

“हो, बू. पण मी तीन बोटं दाखवली होती. तिसरं पुढच्याच्या टोपीमागे गेलं.”

“टोपीमागे.” बू सुलास्मी दोर ओढत राहिल्या. “माझ्याकडे चौदाशे बारा पत्रं आहेत. प्रत्येकाचं काही ना काही कशाच्या तरी मागे होतं. मी बसून हिशेब घातला. एवढी माणसं माझ्या बाजूची, त्यांच्या घरची दोन-दोन धरा. मग मी सहाशे अकरांनीच कशी आले?”

मुर्योनोंना एकदम वाटलं, खिशातली पत्राची चौघडी काढून पाण्यात टाकावी. त्यांनी तेच केलं. मग ते म्हणाले, “बू, पूल पूर्ण झाल्याच्या चारही दाखल्यांवर शिक्का माझा आहे. पोरांच्या दाखल्यांवर ‘पूल’ मीच लिहिलं.”

दोर थांबला. तराफा प्रवाहात जरा कलला.

“कोणी मारायला लावला?”

“नावं सांगतो. लिहूनही देतो. पण मारणारा हात माझा होता. त्या वेळी एकही बोट टोपीमागे नव्हतं.”

“हे एकाही पत्रात नव्हतं,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा दोर ओढू लागल्या.

मुर्योनोंनी लिहून दिलं, सात पानं, सहीसकट. या वेळी आरशासमोर सराव केलेला नव्हता. परिणाम नियमाप्रमाणे झाले. पाक कुन्तोरो जुन्या दप्तरखान्यात गेले आणि तिथून ते अजूनही आपण पहिल्यापासून सत्याच्याच बाजूचे होतो अशी पत्रं धाडत असतात. मुर्योनोंच्या दोन श्रेणी उतरवल्या गेल्या. पेन्शन घटलं. लास्त्री चार दिवस बोलली नाही, पाचव्या दिवशी म्हणाली, “निदान एकदा तरी काय वाटतं ते सांगितलंत,” आणि ताट वाढलं. नास्तितीची फाईल पुन्हा वर गेली, ती अजून वरच आहे. पुलाच्या कामावर सिमेंटची पोती मोजायला विश्वासू माणूस हवा होता. नसलेला पूल चार वेळा पूर्ण केल्याचा अनुभव दुसऱ्या कोणाकडे नव्हता, म्हणून ते काम मुर्योनोंना मिळालं. नदीत आता दोन खांब उभे आहेत. एका रविवारी नास्तिती तराफ्यावरून आली, वडिलांशेजारी पोत्यांवर बसली आणि म्हणाली, “बाबा, तिसरा केव्हा?” मुर्योनो म्हणाले, “पाऊस उघडल्यावर.” त्या दिवशी तेवढंच बोलणं झालं. दोघांना ते पुरलं.

हे वाचून सुज्ञ वाचक म्हणतील की मुर्योनोंनी सुरुवातीलाच हात वीतभर उंच धरायला हवा होता. आपण तिथे असतो तर धरलाच असता. यात शंका नाही. वाचक नेहमीच उंच असतात. फक्त गेल्या निवडणुकीत नातेवाइकांच्या ग्रुपवर थोरल्या काकांनी जे पाठवलं होतं, आणि जे वाचून आपण घरात दोन तास येरझाऱ्या घातल्या होत्या, त्याला आपण शेवटी काय उत्तर दिलं, ते एकदा फोन उघडून पाहावं. जोडलेले दोन हात. त्यात दहाही बोटं येतात. काकांनी हवी तेवढी मोजून घेतली असतील.